थंडीत गाडीचा दरवाजा उघडेना आणि वॉरंटीही संपलेली: नव्या गाडीवाल्यांसाठी सगळं एका जागी

ग्वाल्हेरात पहिली गाडी घेणारे खूप जण दर हिवाळ्यात भरणाऱ्या ग्वाल्हेर व्यापार मेळ्यातूनच घेतात, कारण सरकारने सूट जाहीर केली की रोड टॅक्स निम्माच भरावा लागतो. म्हणजे गाडी घरी येते जानेवारी-फेब्रुवारीत आणि काही वर्षांनी वॉरंटी संपते तीही जानेवारी-फेब्रुवारीतच, ऐन थंडीत, आणि दरवाज्याच्या हँडलची, लॉकची कटकट नेमकी ह्याच दिवसांत वर येते. मग लोक घाबरतात, हँडल ओढून तोडतात, नाहीतर सर्व्हिस सेंटरवाला जे सांगेल ते पैसे भरून येतात. हे सगळं ज्यांनी नुकतीच गाडी घेतलीय, किंवा जुनी घेतलीय, किंवा यंदा पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेऊन मनालीकडे निघालेत त्यांच्यासाठी लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय ना जोर लावायचा ना पाकीट काढायचं.

पहिली पायरी: गोठलंय का नुसतं जाम झालंय ते ओळखा

आपल्याकडे जानेवारीत पारा कधीकधी २-३ अंशांपर्यंत उतरतो आणि आकाश निरभ्र असेल तर उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षाही जास्त गार पडतो, म्हणून हवा शून्याच्या वर असूनही सकाळी टपावर आणि काचेवर पांढरा थर दिसतो. पण तेवढ्याने हँडल गोठून बसलं असं ग्वाल्हेरात क्वचितच होतं, आदल्या संध्याकाळी गाडी धुवून ओलीच उभी केली असेल तर गोष्ट वेगळी. पहाडात मात्र रोजचंच आहे. दिवसा उन्हाने आणि गाडीच्या हीटरने बर्फ वितळतो, ते पाणी हँडलच्या फटीत आणि रबराच्या मागे जाऊन बसतं आणि रात्री पारा शून्याच्या खाली गेला की तिथेच त्याचा बर्फ होतो.

तेव्हा आधी हँडलला हात लावा, हळूच उचला, आणि काय जाणवतं ते बघा. हँडल पूर्ण येतंय, आतून आवाजही येतोय पण दरवाजा चौकटीला चिकटलाय, तर बीडिंग म्हणजे दरवाज्याचं रबर गोठलंय. हँडल जागचं हलतच नाही, तर हँडलच गोठलंय. हँडल हलतंय पण चावी फिरत नाही किंवा रिमोट दाबल्यावर लॉकचा खट आवाज येत नाही, तर अडचण लॉकमध्ये आहे, किंवा रिमोटचा सेल थंडीने मंद झालाय, किंवा गाडीची बॅटरी बसलीय. तिन्हीचे उपाय वेगवेगळे आहेत म्हणून हे अर्धं मिनिट घालवाच.

दुसरी पायरी: खरंच गोठलं असेल तर

आधी बाकीचे दरवाजे आणि डिकी बघून घ्या. ज्या बाजूला ऊन लागलंय तिकडचा दरवाजा बहुतेक आधी सुटतो. एक उघडला की आत बसा, इंजिन चालू करून हीटर लावा, बाकीचे आपोआप सुटतील.

बीडिंग चिकटलं असेल तर ओढायचं नाही, उलट दरवाजा आत दाबायचा. तळहाताने किंवा पाठीचा भार देऊन कडेकडेने, वरून खाली, चार-पाच वेळा नीट दाबा. रबरातला बर्फाचा पापुद्रा तडकतो आणि मग दरवाजा साध्या ओढीने येतो.

हँडल किंवा चावीचं भोक गोठलं असेल तर सगळ्यात चांगलं म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन भाग अल्कोहोल आणि एक भाग पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून न्यायचं. अल्कोहोल उणे ८९ अंशांपर्यंत गोठत नाही म्हणून ते मिसळलेलं पाणीही पटकन गोठत नाही आणि बर्फ विरघळतो. फटीत मारा, एक-दोन मिनिटं थांबा, हँडल हलकेच वर-खाली करा, परत मारा. ते नसेल तर हातांचं अल्कोहोलवालं सॅनिटायझर चालतं, चावीला चोपडून भोकात घाला. आणि ही बाटली हॉटेलच्या खोलीत ठेवा हो, गाडीत ठेवली तर दरवाजा उघडल्याशिवाय मिळणार कशी!

हॉटेलात हेअर ड्रायर मिळाला आणि वायर पोचत असेल तर उत्तम, फक्त काचेवर एकाच जागी धरून ठेवू नका.

आता काय करायचं नाही ते. उकळतं पाणी ओतायचं नाही. गारठलेल्या काचेला एकदम उष्णता लागली तर ती तडकू शकते, आणि जे पाणी फटीत उरतं ते थोड्या वेळाने पुन्हा गोठतं, म्हणजे पहिल्यापेक्षा वाईट. लायटरने चावी तापवायची नाही, हल्लीच्या बहुतेक चाव्यांच्या मुठीत चिप असते, ती गेली तर गाडी चालूच होणार नाही. स्क्रूड्रायव्हर, चाकू काही फटीत घालायचं नाही. आणि हिसका तर अजिबात द्यायचा नाही. का ते सांगतो. बाहेरून क्रोमचं चकचकीत दिसणारं हँडल आतून बहुतेक प्लॅस्टिकचं असतं, त्याच्या मागे एक छोटा हात असतो, त्या हाताला एक बारीक सळई किंवा केबल, आणि ती सळई एका नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या क्लिपने अडकवलेली असते. दरवाजा बर्फाने धरलेला असताना तुम्ही हिसका दिलात की सगळा जोर त्या क्लिपवर आणि त्या हातावर येतो.

स्मार्ट चावी असेल तर एक गोष्ट घरीच शिकून घ्या. त्या चावीच्या पोटात एक लोखंडी चावी लपवलेली असते आणि ड्रायव्हरच्या हँडलजवळ एका टोपणाखाली चावीचं भोक असतं. किती लोकांना हे माहीतच नसतं. टोपण कसं काढायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, एकदा अंगणात करून बघा, रात्री अकरा वाजता बर्फात उभं राहून शिकायची ती गोष्ट नाही.

काही नव्या गाड्यांत हँडल पत्र्याच्या सपाटीत बसलेलं असतं आणि अनलॉक केल्यावर आपोआप बाहेर येतं, जसं एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलात. अशा हँडलवर बर्फाचा थर बसला की मोटर अडते. तिथे नखाने किंवा पट्टीने उचकटू नका, हँडलच्या आजूबाजूला तळहाताने हलके थोपटा, अल्कोहोल मारा, आणि हाताने बाहेर काढायची सोय असेल तर ती कुठल्या टोकाला आहे ते पुस्तकात बघा.

कधीकधी उलटंही होतं, दरवाजा उघडतो पण बंदच होत नाही, कारण दरवाज्याच्या कडेचं लॉक उघड्या अवस्थेत गोठलेलं असतं. आपटून उपयोग नाही, लॉकमध्ये अल्कोहोल मारा आणि थांबा. आणि जाता जाता सांगतो, बर्फाच्या जागी रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तोही गोठतो, सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा.

तिसरी पायरी: निघायच्या आधीची तयारी

दरवाज्यांची रबरं ओल्या कापडाने पुसा, कोरडी करा, मग सिलिकॉन स्प्रे कापडावर मारून ते कापड रबरावर फिरवा. रबर पाणी धरत नाही आणि चिकटत नाही. खोबरेल, मोहरीचं तेल, व्हॅसलीन, इंजिन ऑइल लावू नका, अशा तेलांनी दरवाज्याचं रबर फुगतं आणि सैल पडतं. लॉकच्या लोखंडी भागाला थोडं पांढरं लिथियम ग्रीस. चावीच्या भोकात ग्रॅफाइट पावडर किंवा कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे, ग्रीस नाही, कारण ग्रीसला धूळ चिकटते. आणि सगळ्यांच्या घरात असतो तो डब्ल्यूडी-४०, तो पाणी हटवायला आणि जाम सोडवायला चांगला आहे पण तो टिकत नाही, ग्रीसची जागा तो घेत नाही.

हे काम नुसतं पहाडात जाणाऱ्यांनीच करायचं असं समजू नका. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांमध्ये ज्यांच्या गाड्या वर्षभर उघड्यावर उभ्या असतात त्यांच्या हँडलचं खरं नुकसान मे-जूनमध्ये होतं. पारा ४५ च्या वर, प्लॅस्टिक उन्हात कडक होऊन ठिसूळ होतं, आतलं ग्रीस वाळतं आणि त्यात धुळीचा लगदा होतो. तेव्हा कळत नाही, पण जानेवारीत तेच ग्रीस थंडीने आणखी घट्ट होतं, हँडल उचलल्यावर परत बसत नाही, आणि घाईत एक दिवस तुटतं. त्यामुळे एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा पावसाच्या तोंडावर हे करून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे.

चौथी पायरी: बर्फ नाही तरी उघडत नाही, म्हणजे काय गेलंय

मिस्त्रीकडे जायच्या आधी हे स्वतः बघा, ह्याला काहीच लागत नाही.

बाहेरून उघडत नाही पण आतून उघडतं: लॉक बहुतेक ठीक आहे, बाहेरचं हँडल, त्याची सळई किंवा क्लिप गेलीय. हँडल एकदम हलकं लागतंय, काही ओढच नाही, तर क्लिप सुटलीय किंवा आतला हात तुटलाय.

आतून उघडत नाही पण बाहेरून उघडतं: मागचा दरवाजा असेल तर सगळ्यात आधी चाइल्ड लॉक बघा, दरवाज्याच्या कडेला छोटा खटका असतो, पोरांनी नाहीतर गाडी धुणाऱ्याने फिरवलेला असतो. तो नसेल तर आतली केबल.

दोन्हीकडून नाही: लॉकच अडकलंय. हे थोडं मोठं काम आहे कारण बंद दरवाज्याचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढावं लागतं.

चावीने उघडतं, रिमोटने फक्त तोच एक दरवाजा नाही: त्या दरवाज्याची लॉकची मोटर, म्हणजे अ‍ॅक्चुएटर, नाहीतर दरवाजा आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतून जाणारी वायर तुटलीय. दरवाजा हजारो वेळा उघडबंद होतो, वायर तिथेच दुमडते. त्याच दरवाज्याची काचही अधूनमधून बंद पडत असेल तर वायरवरच संशय घ्या.

थाटीपूरच्या आमच्या एका काकांचं उदाहरण सांगतो. ड्रायव्हरचा दरवाजा बाहेरून उघडेना, वॉरंटी संपलेली, सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं त्यात पूर्ण लॉक, बाहेरचं हँडल आणि वर लेबर. काका म्हणाले आतून तर एका बोटाने उघडतोय, मग लॉक कसं गेलं? सरळ प्रश्न होता, उत्तर नीट मिळालं नाही. मग ओळखीच्या मिस्त्रीने पॅड काढलं, टॉर्च तिरका धरून आत बघितलं, सळई लोंबकळत होती. "भैय्या, लॉक एकदम बढिया है, बस क्लिप गई है." नवी क्लिप दाबून बसवली, सळई अडकवली, झालं. प्रत्येक वेळी क्लिपच असेल असं नाही, लॉक खरंच जातं, पण आतून उघडतंय का बाहेरून हे सांगता आलं की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळं बोलतो.

पाचवी पायरी: वॉरंटी खरंच संपलीय का

लोक इथे फार लवकर हार मानतात. वॉरंटी गाडी तुम्हाला विकली-सोपवली त्या तारखेपासून धरतात, गाडी कारखान्यात बनली त्या तारखेपासून नाही. वर्षं आणि किलोमीटर ह्यातलं जे आधी पूर्ण होईल ते. उदाहरणार्थ मारुतीची साधी वॉरंटी आधी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर होती, जुलै २०२४ पासून ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली, म्हणून शेजाऱ्याची गाडी बघून आपला हिशोब करू नका.

मग एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे जास्तीचे पैसे भरून वाढवलेली. मेळ्यात घेताना इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरीज सगळं एका आकड्यात बांधून देतात आणि त्यातच एक्स्टेंडेडही घेतलेली असते, मालकाला पत्ताच नसतो. फाइल काढा, किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघा. जुनी गाडी घेतली असेल तरी बघा, पुष्कळदा ती गाडीसोबत पुढच्या मालकाकडे येते.

आणि ज्यांची वॉरंटी संपायला महिना-दोन महिने आहेत त्यांनी कृपा करून हे आजच करा: हँडल जड लागतंय, दरवाजा कधीकधी अडकतो, जे काही असेल ते सर्व्हिसला जाऊन जॉब कार्डवर, म्हणजे गाडी जमा करताना ते तक्रारी लिहितात त्या कागदावर, लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही. वॉरंटीत तक्रार लिहिलेली असेल आणि तीच गोष्ट नंतर पूर्ण बिघडली तर तुमच्या हातात कागद असतो. एक्स्टेंडेडही साधारणपणे साधी वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते.

खरंच संपली असेल तरी दोन दारं उघडी आहेत. एक, रिकॉल. कंपनीने एखाद्या पार्टसाठी गाड्या परत बोलावल्या असतील तर ते काम फुकट होतं, वॉरंटी असो नसो. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून बघता येतं. दुसरं, गुडविल. वॉरंटी नुकतीच संपलीय, सगळी सर्व्हिस कंपनीतच झालीय, तर कंपनी कधीकधी पार्टचा पूर्ण किंवा थोडा खर्च उचलते. हा तुमचा हक्क नाही पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर नाही म्हणाला तर मॅनेजरला भेटा, मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, जॉब कार्ड जोडा, शांत भाषेत लिहा.

इन्शुरन्सचं म्हणाल तर आपोआप बिघडलेलं हँडल त्यात येत नाही. चोरीच्या प्रयत्नात किंवा ठोकरीत तुटलं असेल तर येतं, पण झिरो डेप (पार्टची झीज न कापणारी पॉलिसी) नसेल तर प्लॅस्टिक-रबराच्या पार्टवर ५०% कापतात आणि वर नो क्लेम बोनस जातो. एका हँडलसाठी परवडत नाही.

सहावी पायरी: काम करून घेताना

सर्व्हिस सेंटरला गेलात तर एस्टिमेट लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या, त्यात प्रत्येक पार्टचं नाव, नंबर, किंमत आणि लेबर वेगळं हवं. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर जीएसटी १८% आहे, बिलात २८ दिसला तर विचारा. "मला विचारल्याशिवाय जास्तीचं काम करायचं नाही" हे जॉब कार्डवर लिहायला लावा. जुना पार्ट परत मागा आणि तो कुठे तुटलाय ते दाखवायला सांगा. नव्या पार्टवर किती महिन्यांची वॉरंटी तेही बिलावर घ्या.

बाहेरच्या मिस्त्रीकडे करणार असाल तर त्यातही काही वाईट नाही, मी स्वतः वॉरंटीनंतर अशी कामं बाहेरच करतो. बाहेरचं हँडल शक्यतो कंपनीचंच घ्या, लोकल माल दिसायला तसाच असतो पण आतला हात आणि स्प्रिंग लवकर जाते. आतलं हँडल भंगारातून चालेल. लॉक मात्र कधीच भंगारातलं नको, चालत्या गाडीत दरवाजा तेच धरून ठेवतं. रंगाचं हँडल असेल तर रंगवायचा खर्च आधीच विचारा. ड्रायव्हरकडच्या हँडलचं काम असेल तर जुनाच चावीचा सिलिंडर बसवायला सांगा, नाहीतर एका गाडीला दोन चाव्या घेऊन फिराल.

मिस्त्री पॅड काढेल तेव्हा जवळ उभे राहा. पॅडच्या मागे एक प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला असतो, तो घाईत टरकन फाडतात आणि नंतर लावतच नाहीत. तो काचेवरून आत उतरणारं पाणी अडवण्यासाठी असतो. तो नसला की पहिल्याच पावसात पॅड आणि पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि कुबट वास सुटतो. तो नीट चिकटवायला लावा, पॅडच्या तुटलेल्या क्लिपा नव्या घालायला लावा, नाहीतर दरवाजा खडखडत राहील. काही गाड्यांत दरवाज्यातच एअरबॅगचा सेन्सर असतो, म्हणून बॅटरीची वायर काढूनच काम करू द्या.

पैसे द्यायच्या आधी दरवाजा उघडाच ठेवून कडेचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, मग बाहेरचं हँडल ओढा, सुटलं पाहिजे. परत बंद करा, आतलं ओढा. मग चावीने, मग रिमोटने. हे सगळं नीट झालं की मगच दरवाजा लावा, आणि पहिल्यांदा लावताना काच खाली ठेवा.

आणि ऐकतच नसतील तर

खोटं काम दाखवलं, न विचारता पार्ट बदलला, पैसे घेऊन तोच बिघाड परत आला, तर वॉरंटी संपली म्हणून तुमचा हक्क संपत नाही, कारण तुम्ही दुरुस्तीचे पैसे मोजलेत आणि ती सेवा आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन हिंदीतही करता येतो, आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, फक्त घटनेपासून २ वर्षांच्या आत करा. जॉब कार्ड, एस्टिमेट, बिल, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि जुन्या पार्टचे फोटो एवढं जोडलं की पुरतं.